धाकटी अमेरिकेला उडायला शिकायला जायच्या आधीचे चार दिवस

पहिला दिवस, १० नोव्हेंबर : सांगली, कवलापूर, तासगाव

महालक्ष्मीनं पहाटे सांगलीला उतरले तर आण्णा स्टेशनबाहेर गाडी लावून उभेच, कानाला मफलर, आणि मागच्या सीटवर धाकटी पाय पोटाशी घेऊन झोपलेली. धाकटी म्हणजे काकांची मुलगी, वय १९, चार दिवसांनी अ‍ॅरिझोनाला निघालीय, कमर्शियल पायलटचं लायसन करायला. मीही तिकडंच शिकले, आता इथं एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे. ही सुट्टी मी मुद्दाम मागून घेतली कारण हिला जायच्या आधी काही गोष्टी सांगायच्याच होत्या, मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या, आणि परत आल्यावर तिकडच्या सवयी मोडून इकडच्या लावताना मला फार जड गेलं होतं. प्लॅन असा की तासगाव, कराड, सातारा करत करत चौथ्या दिवशी पुण्याला विमानतळावर सोडायचं, काका-काकू सामान घेऊन परस्पर पुण्याला येणार. गाडी आण्णाच चालवणार. ३१ वर्षं एसटी चालवलेला माणूस, दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देत नाही.

घरी जायच्या आधी तासगाव रोडवरच कवलापूरला थांबलो. तिथली जुनी धावपट्टी. आता विमान उतरत नाही, सगळं गवत माजलंय, आणि इथं विमानतळ व्हावा म्हणून सांगलीकर किती वर्षं मागणी करतायत ते आपल्याकडं लहान पोरालाही माहितीय. उजाडत होतं, गवतावर दव होतं. धाकटीला म्हटलं, समज ही पट्टी चांगल्या अवस्थेत आहे, आणि समज ही अ‍ॅरिझोनात आहे. टॉवर नाही, कंट्रोलर नाही, माणूसच नाही. तू विमान घेऊन येतीयस. परवानगी कुणाकडं मागशील?

ती म्हणाली, कुणीच नाही तर मग उतरायचंच नाही ना.

हाच तो फरक. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे ५,००० च्या आसपास विमानतळ आहेत आणि टॉवर असलेले त्यातले साधारण ५०० च. बाकी सगळीकडं एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते आणि प्रत्येक पायलट आपण कुठं आहोत ते स्वतःच बोलत राहतो, आधी त्या गावाचं नाव, मग आपलं विमान, मग डाव्या डाउनविंडला आहे, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेनं चाललोय, अमुक धावपट्टी, आणि शेवटी परत गावाचं नाव म्हणजे शेजारच्या गावाच्या विमानतळावर तीच फ्रिक्वेन्सी असली तरी घोटाळा होत नाही. परवानगी कुणी देत नाही, कुणी नाकारत नाही. तुझे डोळे, तुझे कान आणि दुसऱ्यानं खरं बोलणं यावर सगळं चालतं.

माझी पहिली रात्रीची सोलो मला अजून जशीच्या तशी आठवते. खाली काळंकुट्ट वाळवंट, जीपीएस सांगतंय धावपट्टी पाच मैलांवर आणि मला तर काहीच दिसत नाहीय. मग इन्स्ट्रक्टरनं शिकवल्यासारखं माइकचं बटण दाबलं, बोलायचं काहीच नाही, नुसतं बटण, टक टक टक टक टक टक टक, पाच सेकंदांत सात वेळा. आणि समोरच्या अंधारातून दिव्यांच्या दोन ओळी एकदम उगवल्या. सात वेळा दाबलं तर पूर्ण उजेड, पाच वेळा मध्यम, तीन वेळा मंद. त्या रात्री त्या सगळ्या दऱ्याखोऱ्यात मी एकटीच होते आणि ते दिवे माझ्यासाठी लागले होते. हे सांगताना परत अंगावर काटा आला.

आण्णा गवतात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे आपल्या एकेरी पुलासारखंच की गं. हॉर्न मारायचा, लाइट मारायची, समोरनं कोण न्हाय बघायचं आणि घालायची गाडी."

अगदी तसंच.

घरी पोचेपर्यंत काकूंनी भाकरी टाकलेल्या. द्राक्षाची छाटणी होऊन फुटी निघालेल्या, काका सकाळपासून आभाळाकडं बघत होते, ढग आला तर औषध मारायचं की नाही. दुपारभर झोपले.

दुसरा दिवस, ११ नोव्हेंबर : कराड

पलूसवरून निघालो. गळीत हंगाम सुरू झालेला, ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या ऊस, त्यामुळं कराडला जायला नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला. पण त्या तासात बरंच बोलणं झालं.

धाकटीनं विचारलं, सगळ्या जगाचे नियम एकच नाहीत का. आहेत आणि नाहीत. १९४४ च्या शिकागो करारातून आयकाओ, म्हणजे विमानवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना, आली, तिनं सगळ्यांसाठी नियम लिहिले, पण त्याच करारात अशीही सोय आहे की एखाद्या देशाला एखादा नियम आहे तसा पाळता येत नसेल तर त्यानं तसं कळवायचं आणि आपला फरक छापायचा. प्रत्येक देशाचं एआयपी नावाचं जाडजूड पुस्तक असतं, त्यात जेन १.७ म्हणून भाग आहे, त्यात हे फरकच असतात. मी अ‍ॅरिझोनात असताना तो भाग एकदाही उघडला नव्हता. धाकटीला सांगितलं, तू पहिल्या महिन्यात अमेरिकेचा वाच आणि परत यायच्या आधी भारताचा वाच. कंटाळवाणा आहे, तरी वाच.

कराडचा विमानतळ हायवेपासून जवळच आहे, वारुंजीला. ही धावपट्टी १९५० च्या दशकात कोयना प्रकल्पासाठी म्हणून झाली. आत जाता येत नाही, कुंपणाबाहेर एका बांधावर बसलो, चहा थर्मासमध्ये आणलेला. एक सेसना, म्हणजे छोटं शिकायचं विमान, सर्किट मारत होतं, उतरलं की परत चढायचं, परत फिरून यायचं. सर्किट हा शब्द आपल्याकडचा, अमेरिकेत त्यालाच पॅटर्न म्हणतात. बारीक बारीक असे किती शब्द आहेत. फ्रिक्वेन्सी सांगताना आपण डेसिमल म्हणतो, ते पॉइंट म्हणतात. आपण अफर्म म्हणतो, ते अफर्मेटिव्ह म्हणतात, आणि आयकाओनं अफर्म ठेवलंय कारण खरखरत्या रेडिओवर अफर्मेटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्हींची शेपटी सारखीच ऐकू येते आणि हो-नाहीचा घोळ झाला तर काय राहिलं. धावपट्टीवर येऊन थांबा याला जग लाइन अप अँड वेट म्हणत होतं तेव्हा अमेरिका पोझिशन अँड होल्ड म्हणायची, ते त्यांनी ३० सप्टेंबर २०१० ला बदललं.

हे शब्दांचे खेळ वाटतात. पण १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७ डोंगरावर गेलं, चौघे गेले, त्याच्या मुळाशी एक 'टू' होता. कंट्रोलरनं सांगितलं डिसेंड टू फोर झीरो झीरो, म्हणजे २,४०० फूट. कॉकपिटमध्ये ऐकलं गेलं "टू" म्हणजे पर्यंत, आणि मग उरले ४०० फूट. त्यांनी ते ४०० परत वाचूनही दाखवलं आणि ते कुणी पकडलं नाही. अमेरिकेत म्हणून 'टू' टाळून डिसेंड अँड मेंटेन म्हणतात, ब्रिटनमध्ये 'टू'च्या पुढं अल्टिट्यूड शब्द घालतात. दोघांनी एकाच खड्ड्यावर आपापला पूल बांधलाय.

सेसना तिसऱ्यांदा उतरलं. आण्णांनी विचारलं, ह्या पोराला कराडवरनं निघून कुठं लांब जायचं असलं तर? म्हटलं, आधी फ्लाइट प्लॅन, मग एफआयसी नंबर, म्हणजे फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा, मग एडीसी नंबर. एडीसी म्हणजे एअर डिफेन्स क्लिअरन्स. आभाळात दिसणारा प्रत्येक ठिपका कुणाचा आहे हे आपल्या हवाई दलाला माहीत असायला हवं आणि आपल्या सरहद्दी बघता ते बरोबरच आहे. अमेरिकेत मी छान हवेत दोनशे मैल कुणालाही न कळवता गेलेय, प्लॅन नाही, नंबर नाही, पेट्रोल भरलं आणि निघाले. मात्र वॉशिंग्टनच्या आजूबाजूला तिकडंही तसं चालत नाही, तिथं प्लॅन लागतो, कोड लागतो, बोलत राहायला लागतं. म्हणजे ज्याला जिथं भीती तिथं त्याचा नियम कडक.

आता माझी स्वतःची चूक, जी सांगायला मी इतक्या लांब आले.

उंची मोजायचं यंत्र, अल्टिमीटर, ते खरं तर हवेचा दाब मोजतं. खाली जमिनीवर असताना तिथला दाब त्याच्यात भरायचा, मग ते समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतं. एका ठराविक उंचीच्या वर गेलं की सगळ्यांनी आपापल्या गावचा दाब सोडून एकच आकडा लावायचा, १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे वर सगळ्यांची पट्टी एक होते. ही बदलायची उंची अमेरिकेत सगळीकडं एकच आहे, १८,००० फूट. लहान विमान तिथवर पोचतच नाही, त्यामुळं माझ्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये मला ते कधी करावंच लागलं नाही. शिवाय तिकडं दाब इंचांत सांगतात, २९.९२ वगैरे. आपल्याकडं हेक्टोपास्कलमध्ये, आणि बदलायची उंची विमानतळानुसार, अमेरिकेपेक्षा कितीतरी खाली.

परत आल्यावर लायसन कन्व्हर्ट करताना एका फ्लाइंग स्कूलमध्ये उडत होते. पावसाळ्याचे दिवस, दाब १००३. कंट्रोलरनं फ्लाइट लेव्हल ६५ सांगितलं, म्हणजे १०१३ लावून ६,५०० फूट, मी छान चढले, ६,५०० वर सरळ केलं, ट्रिम केलं, समाधानानं बसले. शेजारचे इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त नखानं अल्टिमीटरच्या काचेवर दोनदा टकटक केलं. त्याच्या आकड्याच्या खिडकीत १००३ च होतं. एका हेक्टोपास्कलला साधारण २७-२८ फूट धरले तर मी जिथं असायला पाहिजे त्याच्यापेक्षा जवळजवळ तीनशे फूट वर होते आणि मला वाटत होतं मी अगदी बरोबर आहे. माझ्या डोक्यावर हजार फुटांवर कुणी असता तर त्याच्या माझ्यात सातशेच उरले असते.

ती टकटक मला आजही ऐकू येते. मला आकडा माहीत नव्हता असं नाही, पुस्तकात वाचला होता. पण हाताला सवय नव्हती. धाकटीला म्हटलं, तिकडचं विमान आणि इकडचं विमान एकच, रेडिओवरचे शब्दही बहुतेक एकच, पण न बोलता काय गृहीत धरलंय ते देशागणिक वेगळं, आणि जे गृहीत धरलेलं असतं ते कुणी तोंडानं सांगत नाही. ते तुझं तुला शोधावं लागेल.

तिनं वही काढली. पानाच्या मध्ये रेघ मारली, एकीकडं तिकडं, एकीकडं इकडं.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर बसलो, कृष्णा-कोयना. कोण काही बोललं नाही, छान वाटलं.

तिसरा दिवस, १२ नोव्हेंबर : सातारा, कास

साताऱ्यात आत्याकडं उतरलो. आत्याचा मुलगा म्हणजे आमचा दादा, तो आखातातल्या एका कंपनीत मालवाहू विमानं चालवतो, सध्या सुट्टीवर. दुपारी कंदी पेढे, आमटी-भात, आणि मग चौघं यवतेश्वरवरून कासला. फुलांचा सीझन संपलाय, गर्दी अजिबात नाही, पठार सगळं पिवळं पडलेलं, आणि आभाळ असं स्वच्छ की पाच-सहा विमानांच्या रेघा एकदम दिसत होत्या.

दादानं फोनवर विमानं दाखवणारं ॲप उघडलं आणि धाकटीला म्हणाला, ॲप बघायचं नाही, नुसतं वर बघ आणि सांग ते विमान किती उंचीवर आहे. ती हसायला लागली. दादा म्हणाला, अगं अंदाज नको, नियम सांग. ते कुठं चाललंय? मुंबईकडून बंगळूरकडं, म्हणजे आग्नेयेला. पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात जाणाऱ्यानं एकी, ३३०, ३५०, ३७०, म्हणजे ३३,०००, ३५,०००, ३७,००० फूट. पश्चिमेकडच्या अर्ध्यात बेकी, ३४०, ३६०, ३८०. समोरासमोर येणाऱ्यांच्यात हजार फूट राहतातच. ॲप उघडलं तर ३५,०००. दुसरं बंगळूरवरनं येणारं, ३६,०००. मग तो खेळच सुरू झाला, आण्णाही लागले बोलायला, एकी, बेकी, एकी. युरोपात इटली-फ्रान्ससारख्या काही देशांत मात्र पूर्व-पश्चिम नाही, उत्तर-दक्षिण वाटणी आहे, कारण त्यांची वाहतूकच तशी उभी चालते.

दादा चीनला वरचेवर जातो. तिथं उंची मीटरमध्ये. कंट्रोलर सांगतो १०,१०० मीटर, आणि यांच्या विमानात तर फूट, मग तक्ता बघायचा, १०,१०० मीटर म्हणजे ३३,१०० फूट, तेच लावायचं. ३३,००० नाही, वर शंभर आहेत, ते शंभर विसरायचे नाहीत. आफ्रिकेत काही ठिकाणी कंट्रोलरवर भरवसा ठेवून भागत नाही म्हणून १२६.९ वर सगळे पायलट एकमेकांना आपली जागा सांगत जातात, मोठमोठी विमानं, ३५,००० फुटांवर, अगदी माझ्या अ‍ॅरिझोनातल्या सेसनासारखीच. फ्रान्सवरून जाताना कंट्रोलर फ्रेंच पायलटशी फ्रेंचमध्ये बोलतो, नियमात बसतं ते, पण दादा म्हणाला, बाकीच्यांचं बोलणं ऐकून आपल्या डोक्यात आभाळाचं एक चित्र तयार होत असतं, कोण पुढं, कोण खाली, आणि मध्येच त्यातली दोन-तीन विमानं पुसली जातात. आपल्याकडं निदान नमस्कार म्हणून झालं की पुढचं सगळं इंग्रजीतच.

हीथ्रोचं त्याचं वर्णन मला फार आवडलं. लंडनभोवती चार ठिकाणं, बोविंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन, ऑकम. तिथं विमानं एकावर एक गोल गोल फिरत राहतात, दोघांत हजार फूट, सगळ्यात खालचं निघालं की वरची एकेक पायरी खाली. दोन धावपट्ट्या, एकीवर उतरायचं, दुसरीवरनं उडायचं, आणि दुपारी ३ वाजता अदलाबदल, का तर खाली राहणाऱ्या लोकांना अर्धा दिवस तरी शांतता मिळावी. आण्णा म्हणाले, "स्वारगेटला फलाट मोकळा हुईस्तवर बाहेर गाड्या थांबत्यात तसं." फक्त इथं ब्रेक मारून थांबता येत नाही.

अमेरिकेत मोठ्या विमानतळावर याच्या उलट. समोर अजून दोन विमानं असतात आणि कंट्रोलर तुला सांगून मोकळा होतो, क्लिअर्ड टू लँड, नंबर थ्री. धावपट्टी अजून रिकामी नाही, पण तोवर होईल असा हिशोब. आपल्याकडं पुढचं विमान धावपट्टी सोडत नाही तोवर क्लिअरन्स सहसा मिळत नाही, नुसतं कंटिन्यू अप्रोच, कंटिन्यू अप्रोच, म्हणजे येत राहा. मी परत आले तेव्हा जमीन जवळ यायला लागली तरी क्लिअर्ड टू लँड का येत नाही म्हणून घाबरून कंट्रोलरला विचारलं होतं. आणि तिकडं जाणाऱ्या आपल्या लोकांना उलटं वाटतं, धावपट्टीवर तर विमान दिसतंय आणि हा म्हणतोय उतर. धाकटीकडं शिकागोच्या रेडिओची एक रेकॉर्डिंग होती, अमेरिकेत ते ऐकायला मोकळीक आहे, ती लावली. चार मिनिटांत एक माणूस बारा-तेरा विमानांशी बोलला, मध्ये कुठं फट नाही. तिचा चेहरा उतरला. दादा म्हणाला, त्याला फक्त तीन शब्द लागतात, से अगेन प्लीज. लाज वाटू द्यायची नाही.

सूर्य गेला, गार वारा सुटला, आणि मग दादानंच तारीख काढली. १२ नोव्हेंबर. १९९६ ला याच दिवशी संध्याकाळी हरयाणात चरखी दादरीवर सौदीचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ समोरासमोर धडकली, ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांतलं कुणी वाचलं नाही. सौदियाला १४,००० वर थांबायला सांगितलेलं, कझाकला १५,००० वर, आणि कझाक १५,००० च्या खाली आलं. त्यांना मीटरची सवय. रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा, विमान चालवणारे वेगळे, आणि बोलणाऱ्यासमोर स्वतःचा अल्टिमीटरच नव्हता, त्याला पायलटांच्या खांद्यावरून बघायला लागायचं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नव्हती. आणि येणारी-जाणारी विमानं एकाच अरुंद पट्ट्यातून, कारण आजूबाजूचं आभाळ हवाई दलाचं. यातली एकेक गोष्ट एकटी असती तर कदाचित काही झालं नसतं.

त्यानंतर आपल्याकडं टीकॅस सक्तीचं झालं, म्हणजे धडक टाळायला विमानंच एकमेकांशी बोलतात, एकाला वर जा, दुसऱ्याला खाली जा, आणि दिल्लीला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे रस्ते वेगळे केले. पण टीकॅस आणि कंट्रोलर वेगवेगळं बोलले तर ऐकायचं कुणाचं, यावर तेव्हा सगळ्या देशांच्या पुस्तकांत सारखं उत्तर नव्हतं. १ जुलै २००२ ला जर्मनीत यूबरलिंगनवर एका क्रूनं टीकॅसचं ऐकलं आणि दुसऱ्यानं कंट्रोलरचं, दोघंही खाली गेले, ७१ गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. आता सगळीकडं एकच, टीकॅस आधी.

आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं, आणि ते खालच्या ड्रायव्हरलाबी ठावं पाहिजे आणि वरच्यालाबी, एकालाच ठावं असून उपेग न्हाय.

अंधारात डोक्यावरून एक लुकलुकत गेलं. कुणी एकी-बेकी म्हटलं नाही.

चौथा दिवस, १३ नोव्हेंबर : खंबाटकी, पुणे

सकाळी आत्यानं धाकटीच्या हातावर दही ठेवलं, डोळे पुसले, निघालो. दादा साताऱ्यातच राहिला.

खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना आण्णांनीच विषय काढला. पूर्वी इथं एकाच घाटात चढ-उतार दोन्ही, ट्रक बंद पडला की रात्र काढायची आणि समोरून कोण कसा येईल सांगता यायचं नाही. बोगदा झाल्यावर साताऱ्याहून पुण्याला जाणारे बोगद्यातून, पुण्याहून येणारे घाटातून, समोरासमोर यायचा प्रश्नच मिटला. म्हणाले, "काल तो दादा दिल्लीचं सांगत हुता ते ह्येच की." मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

शिरवळच्या पुढं ट्रॅफिक मंदावलं आणि मला शेवटची, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट बोलता आली. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ अ‍ॅव्हिआंकाचं बोईंग ७०७ इंधन संपून पडलं, ७३ माणसं गेली. खराब हवेमुळं त्यांना तासाभराहून जास्त वेळ वेगवेगळ्या ठिकाणी फिरवत ठेवलं होतं. त्यांनी प्रायॉरिटी मागितली, इंधन संपत आलंय असंही सांगितलं, पण मेडे किंवा इमर्जन्सी हा शब्द उच्चारलाच नाही. न्यूयॉर्कच्या कंट्रोलरला इंधन कमी आहे असं सांगणारी विमानं रोजच भेटतात, तो शब्द आला असता तर सगळं बाजूला सारून त्यांना आत घेतलं असतं. त्यांना वाटलं आपण सांगितलं, त्याला वाटलं यांनी विचारलं.

धाकटी आमच्या घरातली सगळ्यात भिडस्त. पाहुण्यांसमोर दुसरी भाकरी मागणार नाही. तिला म्हटलं, तुझी ही भीड इथंच तासगावात ठेवून जा. तिकडचा कंट्रोलर भराभरा बोलतो म्हणून तो रागावलेला नसतो. त्यानं सांगितलेलं जमणार नसेल तर एकच शब्द, अनेबल. कारण नंतर सांग. अमेरिकेत हा शब्द विद्यार्थ्यानं म्हटला तरी मान ठेवतात, मी म्हटलाय, जोराच्या वाऱ्यात मला दुसऱ्या धावपट्टीवर पाठवत होते तेव्हा. अनेबल म्हटलं आणि त्यानं शांतपणे मला पहिलीच दिली. आपल्याकडंही तोच शब्द चालतो, पण आपल्या माणसांना मोठ्यापुढं नाही म्हणायला घशात अडकतं, ते आधी तिकडं शिकून ये आणि परत येताना विसरू नकोस. बाकी सगळं बदललं तरी हे बदलायचं नाही.

आण्णांनी आरशातून तिच्याकडं बघितलं. २००५ च्या महापुरात एका पुलाला पाणी टेकलेलं आणि मागनं प्रवासी ओरडत होते, घाला घाला, आत्ताच एक जीप गेलीय. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि खाली उतरून उभे राहिले. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलीय, पण या वेळी त्यांनी शेवटी म्हटलं, "अनेबल म्हणायचं मला ठावं नव्हतं, मी न्हाय जमत म्हणलो."

लोहगावला काका-काकू आधीच पोचलेले, काकूंनी लाडवांचा डबा ऐन वेळी बॅगेत कोंबला. पुण्याचं विमानतळ हवाई दलाचं आहे, इथं टॉवरवर बोलणारा माणूसही हवाई दलाचा, आणि सुखोई निघायची असतील तर आपण थांबायचं. गोव्यात दाबोळीला नौदल. मुंबईत दोन धावपट्ट्या पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून बहुतेक एकच वापरात, तासाला ४६ पर्यंत विमानं त्याच एका पट्टीवर, त्यामुळं तिथला कंट्रोलर उतरल्या उतरल्या धावपट्टी सोडा म्हणून मागं लागतो. हे सगळं एकाच राज्यात आणि शेजारच्या राज्यात. परदेशाचं सोडाच. धाकटीनं गेटबाहेर उभं राहून हेही वहीत लिहून घेतलं, इकडंच्या रकान्यात, आणि ती जागा पुरली नाही म्हणून रेघेच्या पलीकडं गेली. मग सगळ्यांच्या पाया पडली आणि आत गेली. मागं वळून बघितलं नाही, ते मला बरं वाटलं.

काका-काकू पुण्यातच मुक्कामाला राहिले. मी आणि आण्णा परत निघालो. रात्री खंबाटकीचा घाट चढताना उसाचा ट्रक पुढं, आण्णा दुसऱ्या गिअरवर. मी फोन काढला. धाकटीचं दिल्लीचं विमान पुण्याहून उडालं होतं, ठिपका उत्तरेकडं सरकत होता, जरासा पूर्वेला कललेला.

आण्णांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "दिल्ली म्हंजे उत्तर. थोडी उगवतीकडं का मावळतीकडं?"

उगवतीकडं.

"मग एकी."

ॲपवर ३५,००० होतं.